निकाल अव्वल, पण कशामुळे?

दहावीचा निकाल लागला की कोकणातला मथळा ठरलेला: कोकण विभाग पुन्हा अव्वल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं वेगळं विभागीय मंडळ झाल्यापासून हेच चालू आहे. 2025 साली राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, कोकणाचा 98.82. मग श्रेय घ्यायला रांग लागते. कोणी म्हणतं आमच्या अभ्यासिकेमुळे, कोणी टॅबमुळे, कोणी सराव परीक्षांमुळे. जिथे अभ्यासिका, टॅब, सराव परीक्षा यातलं काहीच नव्हतं, तिथल्या मुलांचं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

आणि योजनांच्या मूल्यमापनाचं सगळं शास्त्र याच प्रश्नावर उभं आहे. योजनेनंतर काय झालं हे कोणालाही मोजता येतं. योजना नसती तर काय झालं असतं, हे दिसत नाही. ते शोधून काढावं लागतं.

समजा, गुहागर तालुक्यातल्या काही वाड्यांवर मुलांसाठी वाचनवर्ग सुरू करायचा आहे. सुरुवातीची पाहणी जुलैत झाली, शेवटची जानेवारीत. जुलै म्हणजे लावणी. मोठी मुलं शेतात, नाहीतर धाकट्यांना सांभाळत घरी. त्यात पऱ्या, म्हणजे ओढा, भरून वाहत असला की पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेत येतच नाहीत. जानेवारीत भात कापून झालेलं असतं, वाटा कोरड्या असतात, आंब्याची धांदल अजून लांब असते. म्हणजे वाचनवर्गाचं पुस्तक एकदाही उघडलं नाही, तरी हजेरी वाढणारच! पाहणी कधी करायची हे पुण्यात बसून ठरवलं की असे चमत्कार घडतात.

दुसरी अडचण पटाची. डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेचा पट आठ धरा. वाचन तपासायची पद्धत साधी असते: मुलाला एकट्याला समोर बसवायचं, अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि मग जरा लांब गोष्ट वाचायला द्यायची. जिथे अडेल ती त्याची पातळी. आठपैकी पाच मुलांनी गोष्ट वाचली, पुढच्या खेपेला सहांनी. अहवालात ‘साडेबारा टक्क्यांची वाढ’. प्रत्यक्षात एक मुलगी, जिला पहिल्या दिवशी ताप होता किंवा जी परक्या माणसासमोर तोंडच उघडत नव्हती. असे छोटे आकडे दरवर्षी वरखाली होतात. त्यातून सर्वांत कमी गुणांच्या शाळा निवडून तिथेच योजना राबवली, तर त्यातल्या बऱ्याच पुढच्या वर्षी आपसूक वर येतात, कारण आदलं वर्ष त्यांच्यासाठी जरा जास्तच वाईट गेलेलं असतं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. मागास शाळा दत्तक घेणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

यातून वाट काढायचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. कोणाला योजना मिळेल हे नशिबावर सोडलं, की ऋतू, ताप, पालकांची हौस, गुरुजींचा उत्साह हे सगळं दोन्ही गटांत साधारण सारखं वाटलं जातं. मग उरलेला फरक बराचसा योजनेचा. चिठ्ठी मुलाच्या नावाची नको, शाळेची किंवा वाडीची हवी. एका घरातल्या बहिणीला वर्ग आणि भावाला नाही असं केलं, तर संध्याकाळी पडवीत बसून ती त्याला शिकवणारच, आणि तुलना तिथेच विरघळणार. शिवाय मधेच मुंबईला गेलेल्या मुलांचा हिशोब ठेवावा लागतो. मे महिन्यात आलेल्या चाकरमान्याबरोबर जूनमध्ये मूल गेलं, तर ते यादीतून खोडून चालत नाही.

याचं उत्तम उदाहरण फार लांब नाही. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या: वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना दिवसातून दोन तास बाजूला घेऊन पायाभूत वाचन-गणित शिकवायची. शाळांची वाटणी चिठ्ठीने झाली, पण कोणत्याच शाळेला नाही म्हणावं लागलं नाही. काही शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी मिळाली, बाकीच्यांना दुसऱ्या इयत्तेसाठी, आणि एकमेकींच्या रिकाम्या इयत्तेशी तुलना झाली. पहिल्या वर्षी गुणांवरचा परिणाम 0.14 प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेले आहेत त्याचं माप), दुसऱ्या वर्षी 0.28. दुसरा आकडा असा वाचायचा: गुणानुक्रमे उभ्या केलेल्या शंभर मुलांत मधोमध असलेलं मूल साधारण अकरा जणांच्या पुढे गेलं. फायदा झाला तो बालसखीकडे गेलेल्या मुलांना. वर्गात मागे राहिलेल्यांना गर्दी कमी होऊनही काही मिळालं नाही. योजना संपल्यावर वर्षभरात बराचसा परिणाम ओसरलाही. 2007 साली अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं, ओसरल्याच्या आकड्यासकट. आपल्याकडच्या समारोपाच्या अहवालात असं पान मी कधी पाहिलेलं नाही.

लाभार्थ्यांना विचारून पुरतं का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली 506 मुलग्यांच्या जोड्या लावून, नाणेफेक करून, निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं वर्षानुवर्षं दिलं. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी त्या माणसांना गाठलं. मदत मिळालेल्यांतले बहुसंख्य म्हणाले, फार उपयोग झाला. पण नोंदी काढल्या तर व्यसन, आजार, अकाली मृत्यू अशा बाबतींत मदत मिळालेला गटच मागे. ‘ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले’ हे वाक्य यापुढे जपून वाचावं.

काय मोजायचं हाही वाद आहेच. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवर काजू-आंब्याची कलमं उभी राहिली. लागवडीचे हेक्टर मोजणं सगळ्यांत सोपं. जगलेली कलमं मोजायला कातळावर चढावं लागतं. आणि बागेमुळे घरात किती पैसा आला हे सांगायला, ज्यांनी बाग लावली नाही त्यांचीही घरं बघावी लागतात, कारण त्या काळात मुंबईहून येणारा पैसाही घरोघरी पोचत होताच.

चिठ्ठ्या म्हटलं की आक्षेप येतो: गरजूंना वगळायचं? पण बहुतेक योजना एका वर्षात सगळीकडे पोचतच नाहीत. मेक्सिकोने 1997 मध्ये मुलांना शाळेत पाठवणाऱ्या कुटुंबांना पैसे द्यायची योजना सुरू केली, तेव्हा अभ्यासासाठी 506 गावं घेतली. त्यातल्या 320 गावांना आधी लाभ, 186 गावांना काही काळाने. वगळलं कोणालाच नाही, फक्त क्रम चिठ्ठीने ठरला. आपल्या पंचायत समितीत हा क्रम आज कसा ठरतो, हे तालुक्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.