बेळगावच्या पोरीला आईस हॉकीत पुढं जायचं असेल तर कागद कुठले लागतात

बेळगावात स्केटिंग करणाऱ्या पोरी भरपूर आहेत, आणि इनलाईन हॉकी (चाकाच्या स्केट्सवरची हॉकी) खेळता खेळता एखादीनं बर्फावर खेळायचं मनावर घेतलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, यात पुढं काय आहे ओ? आहे की. भारताची महिला टीम २०१६ ला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि २०२५ ला यूएईतल्या अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ घेऊन आली. अमेरिका-कॅनडात पीडब्ल्यूएचएल ही बायकांची प्रोफेशनल लीग १ जानेवारी २०२४ पासून चालू आहे, पहिल्या सीझनला कमीत कमी पगार ३५,००० डॉलर होता, आणि जपानची आकाने शिगा तिथं कॅनडातल्या ओटावा टीमकडून खेळली, म्हणजे आशियातल्या पोरींना दार बंद नाही.

पण खेळाच्या आधी कागद अडवतात, म्हणून पोरगी दहा-बारा वर्षांची असतानाच हे काम उरकून घ्या.

सगळ्यात पहिला जन्म दाखला. जन्म जिथं झाला तिथंच तो मिळतो, त्यामुळं सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या कितीतरी पोरींचा जन्म बेळगावच्या दवाखान्यात आणि दाखला बेळगावचा, पण आधारवर पत्ता महाराष्ट्राचा असतो. त्यानं पासपोर्ट अडत नाही, घाबरू नका. अडतंय ते नावात. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव पुढं, आधारवर मागं, कुठं वडिलांचं नाव पूर्ण तर कुठं नुसतं इनिशियल, आणि ज्योतीचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर टी-आय नं तर दुसऱ्यावर टी-एच-आय नं, कारण आपल्याकडं एक क्लार्क मराठी पद्धतीनं लिहितो आणि दुसरा कन्नड पद्धतीनं. जन्म दाखला, आधार आणि शाळेचं रेकॉर्ड, तिन्हीकडं एकच स्पेलिंग आणि एकच जन्मतारीख पाहिजे. हे दहावीच्या आधी करा, एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर चुकीचं नाव छापून आलं की मग दुरुस्तीला फार फिरायला लागतंय. वयाच्या गटात खेळताना पण तारीख हाच दाखला बघून धरतात.

मग पासपोर्ट. त्यासाठी आता हुबळी गाठायची गरज नाही, बेळगावच्या हेड पोस्टातच केंद्र आहे, अर्ज ऑनलाईन भरून अपॉइंटमेंट घ्यायची. अठराच्या आतल्या पोरीला जन्म दाखला, पत्त्याचा पुरावा आणि आईवडिलांच्या सहीचं अनेक्शर डी (संमतीचा फॉर्म) लागतं, नॉर्मल फी १,००० रुपये. भारताच्या टीमकडून खेळायला भारतीय नागरिकत्व लागतंच, आणि टीमच्या मॅचेस बाहेरच्या देशात असतात, त्यामुळं सिलेक्शन झाल्यावर पासपोर्टला पळत बसू नका.

खेळाचं रजिस्ट्रेशन राज्य संघटनेकडून करायचं, वर राष्ट्रीय पातळीवर आईस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. बॉर्डरवरच्या लोकांनी इथं एक लक्षात ठेवा, कर्नाटक किंवा महाराष्ट्र, एकच राज्य धरायचं, दोन्हीकडं नाव घालायचं नाही, आणि राज्य बदलायचंच झालं तर आधीच्या संघटनेकडून एनओसी घेऊन मगच. फोटो, आधार, जन्म दाखला, शाळेचं बोनाफाईड, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, आधीच्या स्पर्धांची सर्टिफिकेटं, एवढी फाईल तयार असली की बहुतेक काम भागतं. स्पर्धा लेह किंवा स्पितीतल्या काझाला होतात, लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, म्हणून फिटनेसचा कागद नुसता सहीपुरता आणू नका, खरी तपासणी करून घ्या, आणि तिथं पोचल्या पोचल्या पोरीला बर्फावर उतरवू नका, दोन-तीन दिवस विश्रांती द्या. डेहराडूनला हिमाद्री ही छताखालची पूर्ण मापाची रिंक पण आहे.

पीडब्ल्यूएचएलमधल्या बऱ्याच पोरी अमेरिकन कॉलेजातून खेळून आलेल्या आहेत. तिकडं कॉलेजकडून डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, खेळायचं तर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या एलिजिबिलिटी सेंटरला नाव नोंदवायचं आणि तिथं नववीपासूनचे मार्क्स मागतात. आपल्याकडं नववीचं मार्क्स कार्ड कोण जपून ठेवतंय? ठेवा. मराठी किंवा कन्नडमध्ये असलं तर इंग्रजी ट्रान्सलेशन पण जोडायला लागतं. कॉलेजनं ॲडमिशन दिली की ते आय-ट्वेंटी फॉर्म देतात आणि त्यावर एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसाचा अर्ज होतो.

पीडब्ल्यूएचएलच्या ड्राफ्टला, म्हणजे टीम नवीन खेळाडू निवडतात त्याला, खेळाडूनं स्वतः नाव द्यायचं असतं. एका देशातून दुसऱ्या देशात क्लबला खेळायला जाताना आंतरराष्ट्रीय फेडरेशनचं ट्रान्सफर कार्ड लागतं, ते दोन्ही देशांच्या संघटनांच्या संमतीनं होतं, म्हणून भारतातल्या संघटनेशी पत्रव्यवहार ईमेलवरच ठेवा, तोंडी नको. आणि अमेरिकेतल्या टीमनं घेतलं तर पी-वन या खेळाडूंच्या व्हिसाचा पहिला अर्ज तिथली टीमच करते, त्यामुळं करार हातात नसताना 'पी-वन काढून देतो, ॲडव्हान्स द्या' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.