चार चौकोन छापणं अवघड का असतं?

‘त्यात काय, चार चौकोन तर आहेत!’ भौमितिक अमूर्त चित्रांबद्दल हे वाक्य दोनदा ऐकू येतं. एकदा मूळ चित्रासमोर, आणि पुन्हा त्याची प्रत घरासाठी छापून घ्यायची ठरते तेव्हा. पहिल्या वादात मी पडत नाही. दुसऱ्या वेळी मात्र भौतिकशास्त्रच या वाक्याच्या विरोधात उभं राहतं. निसर्गचित्राच्या प्रतीत एखादी फांदी जराशी निळसर उतरली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. सपाट रंगाच्या चौकोनाला चूक लपवायला जागाच नसते.

चित्रकार योसेफ आल्बर्स यांची ‘होमेज टू द स्क्वेअर’ ही मालिका घ्या. १९५० मध्ये सुरू केलेली ही मालिका ते १९७६ साली मरण येईपर्यंत रंगवत राहिले. एकात एक बसवलेले तीन किंवा चार चौकोन, एवढाच मामला. रंग बहुतेक थेट ट्यूबमधून काढून सुरीने पसरलेले, आणि कुठल्या कंपनीचा कुठला रंग वापरला हे चित्राच्या पाठीमागे लिहिलेलं. सगळं चित्र शेजारशेजारच्या रंगांच्या नात्यावर उभं आहे. मधला चौकोन बाहेरच्यात जवळजवळ विरघळावा पण पुरता विरघळू नये, इतकं ते नातं नाजूक असतं. प्रतीत एक रंग किंचित सरकला की नातं तुटतं.

आता रंग सरकतो कसा, ते पाहू. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशात सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या सगळ्या तरंगलांबी असतात, पण मेंदूकडे त्यातून फक्त तीन आकडे पोचतात. म्हणजे मूळ माहितीचा बराच भाग वाटेतच गळतो. दोन विद्यार्थ्यांचे एकूण गुण सारखे असले तरी विषयवार गुण वेगळे असू शकतात, तसंच हे आहे. मूळ चित्रातला नारिंगी आणि छापील नारिंगी यांची ‘बेरीज’ जुळते. आतला तपशील वेगळाच असतो. आता एखाद्या विषयाचं वजन दुप्पट करा: दोघांच्या बेरजा लगेच फुटतात. हे वजन ठरवण्याचं काम दिवा करतो. एका दिव्याखाली जुळलेले रंग दुसऱ्याखाली फुटण्याला मेटॅमेरिझम म्हणतात.

तपशील वेगळा का असतो, हा माझा आवडता भाग. चित्रकारांच्या ट्यूबमधले कॅडमियमचे पिवळे-तांबडे रंग म्हणजे अर्धवाहक पदार्थ. कॅडमियम सल्फाइडमधला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात उचलायला साधारण २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा ५१२ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशकणात असते. त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो, लांब तरंगलांबीचा परत फिरतो. त्यामुळे परावर्तनाचा (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत फिरतो याचा) आलेख कड्यासारखा ताठ उठतो आणि रंग दिसतो पिवळा. सल्फरच्या जागी थोडंथोडं सेलेनियम घातलं की ऊर्जेतलं हे अंतर कमी होतं, कडा लांब तरंगलांबीकडे सरकतो, आणि पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा तांबडा होतो. इंकजेट छपाईतल्या रंगीत शाया बहुतांशी सेंद्रिय रेणूंच्या असतात. त्यांच्या शोषणाला असा कडा नसतो, गोलसर उंचवटे असतात. पिवळे आणि किरमिजी ठिपके एकमेकांत मिसळून तयार झालेला नारिंगी कॅडमियमच्या नारिंगीशी बेरजेत जुळवता येतो, पण आलेखाचा आकार काही केल्या तसा होत नाही. काही छपाईयंत्रांत वेगळी नारिंगी शाई असते. तिने फरक कमी होतो, संपत नाही.

छापखान्यात प्रत तपासताना प्रमाण मानतात ती ५००० केल्विनची, दिवसाच्या उजेडाशी मिळतीजुळती रोषणाई. घरात संध्याकाळी लागतो तो एलईडी बहुधा २७०० ते ३००० केल्विनचा असतो; केल्विनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. त्याच्या पोटात निळा प्रकाश देणारी चकती आणि वर फॉस्फर, म्हणजे त्यातला काही निळा प्रकाश लांब तरंगलांबीच्या प्रकाशात बदलणारा पिवळसर थर, असतो. साधारण ४८० नॅनोमीटरजवळ त्याच्या वर्णपटाला खळगा पडतो, आणि गडद तांबड्या टोकाला प्रकाश तुटपुंजा असतो. दिव्याच्या खोक्यावरच्या रंगदर्शकतेच्या (सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याच्या) आकड्यावर विसंबू नका. तो आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांवरच्या गुणांची सरासरी आहे. भडक तांबड्याचा नमुना नववा, आर-नाइन, आणि तो या सरासरीत धरतच नाहीत.

अशा प्रती विकताना लावलं जाणारं ‘म्युझियम दर्जा’ हे बिरुद कुणी प्रमाणित करून देत नाही, विक्रेता ते स्वतःच लावतो. त्यामागे अर्थ असलाच तर तो टिकाऊपणाचा: कापसाचा आम्लरहित कागद, आणि विरघळणाऱ्या रंजकांऐवजी रंगद्रव्याची शाई. ‘दोनशे वर्षं टिकेल’ हे मात्र प्रखर दिव्याखाली काही महिने ठेवून मांडलेलं गणित असतं, दोनशे वर्षं कुणी थांबलेलं नाही. आणि ‘भौमितिक चित्राची ऊर्जा घर शांत ठेवते’ असं कुणी सांगितलं, तर ती ऊर्जा कोणत्या एककात मोजली ते विचारावं.

कागदाबद्दल आणखी एक. तो झगझगीत पांढरा असेल तर त्यात चकाकी देणारं रसायन असण्याची शक्यता आहे. ते अतिनील किरणांचं निळ्या प्रकाशात रूपांतर करतं. अतिनील अडवणाऱ्या काचेमागे किंवा अतिनील नसलेल्या एलईडीखाली हा निळेपणा मावळतो, कागद पिवळसर दिसतो आणि त्यावरचे फिके चौकोनही बदलतात. म्हणून असं रसायन नसलेला कागद मागावा, तो सुरुवातीला किंचित मळकट वाटला तरी.

मूळ चित्राचा ‘खरा’ रंग तरी कोणता? आल्बर्स ऊबदार आणि थंड छटांच्या ट्यूबलाइट मिसळून त्यांच्या उजेडात रंगवत. दिवा बदलला की त्यांचं मूळ चित्रही थोडं बदलतं, फक्त प्रतीपेक्षा वेगळ्या दिशेने. त्यामुळे पूर्ण आकाराची प्रत सांगण्याआधी त्याच कागदावर त्याच शाईची एक पट्टी छापून मागवा. ती ज्या भिंतीवर चित्र लागणार तिथेच लावून दुपारी पाहा, संध्याकाळी दिव्याखाली पाहा. दुपारी वेगळे दिसणारे दोन चौकोन संध्याकाळी एक झाले, तर पुन्हा छापून घेण्याआधी आर-नाइन जास्त असलेला दिवा लावून पाहा.