थर्मोस्टॅटिक एअर क्लीनर

कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) मोटारींत इंजिनात जाणारी हवा थंडीत ऊबदार ठेवणारी व्यवस्था. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या) याच्याभोवतीची तापलेली हवा आणि बाहेरची गार हवा यांचे मिश्रण करून ती फिल्टरपाशी साधारण एकाच तापमानाला पोचवते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत धुराविषयीचे नियम आले तेव्हा ती सर्रास बसू लागली. फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल दाबाने फवारण्याची पद्धत) आल्यावर हळूहळू मागे पडली.

हवा गरम करण्याची गरज पेट्रोलमुळे पडते. कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. सगळ्या पेट्रोलची तिथेच वाफ झाली, तर पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचे तापमान जवळजवळ 20 अंशांनी उतरेल. हवा दमट आणि 0 ते 15 अंश सेल्सिअसच्या आसपास असली, की तिच्यातले बाष्प थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या) पाकळीवर बर्फ होऊन बसते. गाडी दोन-चार किलोमीटर नीट चालते, मग दम तोडते, सिग्नलला बंद पडते आणि पाच मिनिटे उभी राहिली की पुन्हा सुरू होते, कारण इंजिनाच्या उष्णतेने तेवढ्यात बर्फ वितळलेला असतो. कडाक्याच्या थंडीत हा त्रास उलट कमी होतो, कारण त्या हवेत बाष्पच फारसे नसते. तिथे अडचण वेगळी: पेट्रोलची वाफ न होता त्याचे थेंब इनटेक मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतीवर जमतात आणि मिश्रण सिलिंडरांत सारखे वाटले जात नाही. हवेचे तापमान ठरावीक राहिले, तर चोक (गार इंजिनासाठी हवा अडवणारी झडप) लवकर उघडता येतो आणि मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, ठेवता येते. नियम पाळू पाहणाऱ्या कंपन्यांना नेमके हेच हवे होते.

त्याआधीच्या व्यवस्था साध्या होत्या. काही युरोपीय गाड्यांत एअर क्लीनरचे तोंड ‘उन्हाळा’ किंवा ‘हिवाळा’ या स्थितीत हाताने फिरवावे लागे, आणि विसरभोळ्या मालकाची गाडी मे महिन्यातही गरम हवा ओढत राही. फोक्सवॅगन बीटलमध्ये एक्झॉस्टचा गरम वायू एका बारीक नळीतून इनटेक मॅनिफोल्डच्या खालून नेलेला असे. ही नळी काजळीने बुजली, की इंजिन तापलेले असूनही मॅनिफोल्डवर बाहेरून दव आणि बर्फ दिसतो.

पुढची व्यवस्था आपोआप चालणारी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पत्र्याचे आवरण असते. तिथून ॲल्युमिनियमचा वर्ख आणि कागद यांची लवचीक नळी एअर क्लीनरच्या सोंडेला खालून जोडलेली असते. सोंडेत एक झडप, तिच्यावर व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या ओढीवर) चालणारा डायफ्रॅम (लवचीक पडदा) आणि फिल्टरच्या डब्यात द्विधातूच्या (दोन धातू जोडलेल्या, उष्णतेने वाकणाऱ्या) पट्टीचा सेन्सर. डब्यातली हवा साधारण 30 अंशांच्या खाली असताना सेन्सर इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम डायफ्रॅमपर्यंत जाऊ देतो. झडप वर उचलली जाते, गार हवेची वाट बंद होते आणि गरम हवा आत येते. हवा तापत गेली, की सेन्सर थोडा व्हॅक्यूम बाहेर सोडू लागतो; 55 अंशांच्या आसपास झडप पूर्ण खाली येऊन फक्त गार हवा घेते. हे आकडे मॉडेलनुसार थोडे बदलतात. पुण्यातली डिसेंबरची सकाळ 12 अंशांची असली, तरी अशी झडप गरम हवेच्याच बाजूला असेल.

यातली खरी हुशारी डायफ्रॅमच्या स्प्रिंगेत आहे. झडप हलायला पाऱ्याच्या साधारण 5–6 इंच व्हॅक्यूम लागतो, पूर्ण उचलायला 9 इंचांच्या आसपास. ॲक्सिलरेटर तळाला दाबला, की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कोसळतो, झडप पडते आणि इंजिनाला ताकद हवी त्या क्षणी गार, दाट हवा मिळते. हवा 20 वरून 50 अंशांवर नेली, तर तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते; म्हणजे ओव्हरटेक करताना गरम हवा परवडत नाही.

तपासणी गार इंजिनावर करावी. इंजिन बंद असताना सोंडेत आरसा धरून पाहावे: झडप खाली, गार हवेची वाट मोकळी. सुरू करताच ती वर जायला हवी, आणि इंजिन तापू लागले की हळूहळू उतरायला. वर गेलीच नाही तर डायफ्रॅमची नळी काढून हातपंपाने व्हॅक्यूम द्यावा. पंप नसेल तर नळीचा स्वच्छ तुकडा लावून तोंडाने ओढले तरी चालते. झडप उचलून तशीच राहिली तर डायफ्रॅम ठीक आणि दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या नळ्यांत. लगेच पडली तर डायफ्रॅम फाटला आहे. मुळीच हलली नाही तर आधी बिजागरीचा गंज पाहावा.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा बिघडते ती सर्वांत स्वस्त वस्तू: वर्खाची नळी. ती उष्णतेने ठिसूळ होते, फिल्टर बदलताना फाटते आणि मग कोणी पुन्हा बसवत नाही. झडप आज्ञाधारकपणे वर जाते, पण गरम हवेऐवजी इंजिनाच्या कप्प्यातली गार हवा ओढते. दोष मात्र चोकवर येतो आणि मिश्रणाचे स्क्रू विनाकारण फिरवले जातात. नवी नळी घेताना तिचा व्यास सोंडेच्या आणि आवरणाच्या तोंडाशी जुळवून घ्यावा, दोन्ही टोके क्लिपने आवळावीत. एक्झॉस्ट हेडर (मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी लावायच्या नळ्या) बसवताना पत्र्याचे आवरण काढून टाकले, तरी परिणाम तोच.

झडप गरम बाजूला अडकली तर उलटी लक्षणे दिसतात: चढावर इंजिन ठोकते (आतून खटखट आवाज येतो), ताकद कमी पडते, पेट्रोल जास्त लागते. व्होल्वो 240 सारख्या इंजेक्शनच्या गाड्यांत मेणाचा थर्मोस्टॅट (मेण तापून फुगले की झडप हलवणारा) निकामी होऊन झडप कायम गरम हवेवर राहते, आणि त्या उष्णतेने हवेचे वजन मोजणारा महागडा मीटर जळतो. अशा गाडीत मीटर बदलण्याआधी हवेच्या डब्यातला थर्मोस्टॅट पाहावा, नाहीतर नवा मीटरही त्याच वाटेने जातो.