लाईट परत येते तेव्हा

लाईट गेली की काय करायचं हे शहरातल्या घरांना आता पाठ झालंय. इन्व्हर्टर आपसूक सुरू होतो, नसेल त्याच्याकडे चार्जिंगचा दिवा असतो, नाहीतर गच्ची आहेच. ती परत येते तेव्हा काय करायचं, याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. उपकरणांच्या आणि डीपीच्या दृष्टीने जास्त नाजूक वेळ तीच.

फ्रिजचंच बघा. कॉम्प्रेसर चालू असताना मागच्या जाळीतला वायू जोरदार दाबाखाली असतो आणि आतल्या कॉइलमधला कमी दाबाखाली. दोन्हींना जोडणारी नळी अगदी बारीक, तिचं भोक एक मिलिमीटरही नसतं. कॉम्प्रेसर थांबला की या नळीतून दाब हळूहळू सारखा होतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. लाईट दहा सेकंद जाऊन परत आली, तर मोटरला तो सगळा दाब अंगावर घेऊन सुरू व्हावं लागतं. साध्या फ्रिजच्या मोटरला ते झेपत नाही. ती न फिरता नुसती गुणगुणते, आणि अशी अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मग ओव्हरलोड प्रोटेक्टर टक् आवाज करून तिचा पुरवठा तोडतो. तो निवला की पुन्हा जोडतो, पुन्हा टक्. फ्रिजमागून हा आवाज यायला लागला की बटण बंद करून पाच मिनिटं थांबावं. स्टॅबिलायझरवर ‘टाइम डिले’ लिहिलेलं असतं, ते याच थांबण्यासाठी. इन्व्हर्टर तंत्राचे (बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही) नवे कॉम्प्रेसर मात्र हळूहळू वेग घेतात, त्यांना हा त्रास कमी.

आता एका फ्रिजवरून सगळ्या पेठेवर या.

एरवी प्रत्येक घरातला फ्रिज आणि एसी थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो. तुमचा थांबलेला असतो तेव्हा शेजाऱ्यांचा चालू असतो. सगळे एकाच क्षणी चालत नाहीत या भरवशावरच रोहित्राची क्षमता ठरवलेली असते, आणि त्यात गैर काही नाही. सगळ्यांची बेरीज करून रोहित्रं बसवली तर त्यांचा खर्च शेवटी आपल्याच बिलात येईल. पण मे महिन्यात तासभर लाईट गेली की सगळे फ्रिज कोमट होतात, सगळ्या खोल्या तापतात. वीज आली रे आली की सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू होतात आणि बराच वेळ थांबतच नाहीत. सुरुवातीचा झटका काही सेकंदांचा असतो, पण हा वाढलेला भार अर्धा-पाऊण तासही टिकतो. फ्यूज पुन्हा उडतो. ‘आली म्हणेपर्यंत गेली’ हा प्रकार घडतो तो बऱ्याचदा यामुळे. वायरमनला शिव्या घालण्याआधी हे ध्यानात घेतलेलं बरं.

मोठ्या प्रमाणावर हेच गणित ३० आणि ३१ जुलै २०१२ला देशाने पाहिलं. उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचंही. साठ कोटींच्या आसपास लोकांच्या भागात अंधार झाला. महाराष्ट्र त्यातून वाचला. कोळशावरच्या वीज केंद्राचे पंप, पंखे आणि कोळसा दळायच्या चक्क्या विजेवर चालतात, त्यामुळे बंद पडलेल्या केंद्राला सुरू व्हायला आधी बाहेरून वीज लागते. आणि केंद्र सुरू झालं तरी सगळी गावं एकदम जोडता येत नाहीत. भार थोडा थोडा चढवावा लागतो, नाहीतर ५० हर्ट्झची वारंवारता घसरते आणि केंद्र पुन्हा बाहेर फेकलं जातं.

घरात आपण तेच करू शकतो. लाईट गेली की एसी, गीझर, फ्रिज बंद करायचे आणि इन्व्हर्टरवर नसलेला, थेट मेनवरचा एक दिवा चालू ठेवायचा. तो लागला की पाच-दहा मिनिटांनी एकेक बटण दाबायचं. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतलं साधारण चार तास टिकतं, तेव्हा घाई कशाला!

या गर्दीत इन्व्हर्टरचाही वाटा असतो. उतरलेली बॅटरी चार्ज होताना सुमारे २०० वॅट घेते. हजार घरांत ते २०० किलोवॅट झाले, म्हणजे एखाद्या लहान डीपीची सगळी क्षमता. शिवाय बॅटरीतून वापरलेल्या एका युनिटमागे साधारण दीड युनिट परत भरावं लागतं. बाकीचं उष्णतेत जातं.

म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत असं माझं मत आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-अवर देते, पण तो आकडा वीस तास सावकाश वापरण्याचा असतो. जोरात उपसलं तर तीच बॅटरी कमी देते. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. तीन साधे पंखे आणि दिवे लावले तर चांगल्या अवस्थेतली बॅटरी चारेक तास पुरते. पंखे बदलले की भार निम्म्यावर येतो आणि वेळ दुपटीहूनही जास्त वाढतो.

एक प्रसंग मात्र पाच मिनिटं थांबायचा नाही. रोहित्रापासून येणारी न्यूट्रल तार तुटली की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळ जाणारा दाब येऊ शकतो. लाईट येताना दिवे नेहमीपेक्षा भगभगीत दिसले, पंखा भलताच जोरात फिरायला लागला, आणि शेजाऱ्यांकडे मात्र दिवे मिणमिणते असतील, तर आधी मेन स्विच पाडायचा. वीज कंपनीला फोन त्यानंतर.