लॅपटॉपची सशुल्क ध्वनिसुधारणा

लॅपटॉपचा आवाज भरदार, स्पष्ट किंवा चहूबाजूंनी येतोय असा वाटावा म्हणून वेगळे पैसे मोजून घेतलेली सोय. डॉल्बी अ‍ॅटमॉस, डीटीएस अशा नावांनी ती विकली जाते. ही सोय जवळजवळ नेहमी सॉफ्टवेअर असते. पैसे भरल्यावर लॅपटॉपमध्ये एकही नवा स्क्रू, तार वा स्पीकर येत नाही, येतो तो परवाना. मात्र त्या सॉफ्टवेअरला किती मजल मारता येईल हे आत बसवलेला स्पीकर ठरवतो. घेणाऱ्याची फसगत होते ती इथेच, म्हणून 'ही सुधारणा सॉफ्टवेअर की हार्डवेअर' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देऊन भागत नाही.

'डॉल्बी' या शब्दाचा घोळ

पुण्यात हा गोंधळ वाढण्याचे एक कारण भाषेत आहे. विसर्जन मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला महाराष्ट्रात सर्रास 'डॉल्बी' म्हणतात. लक्ष्मी रस्त्यावर छातीत धडधडणारा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला डॉल्बी ही डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी, चांगली टनभर वजनाची वस्तू वाटते. त्यामुळे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एखादा विद्यार्थी "काका, यात डॉल्बी टाकून मिळेल का?" असे विचारतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी 'टाकायचे' असते. त्याचे चुकत नाही. शब्दाने त्याला तसे शिकवले आहे.

मुळात डॉल्बी लॅबोरेटरीज ही कंपनी रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये सुरू केली ती आवाज वाढवण्यासाठी नव्हे, तर टेपवरची फुसफुस कमी करण्यासाठी. तेव्हा त्यांचे तंत्र खरोखरच एका खोक्यातले इलेक्ट्रॉनिक मंडल होते. पुढे ते कॅसेट डेकमध्ये आले. ज्यांच्या घरी चांगला डेक होता त्यांना त्यावरचे 'डॉल्बी एनआर' (नॉइज रिडक्शन) बटण आठवत असेल. म्हणजे या नावाचा प्रवासच हार्डवेअरकडून सॉफ्टवेअरकडे झाला आहे. लॅपटॉपमधले डॉल्बी हे त्या प्रवासाचे अलीकडचे टोक. मिरवणुकीतल्या भिंतीशी त्याचे नाते फक्त नावापुरते.

दुसरे कारण संगणकाच्या इतिहासात सापडते. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड बाजारात आणले. त्या पिढीत आवाज सुधारायचा म्हणजे डबा उघडून कार्ड बसवायचे, हाच रिवाज होता. १९९७ मध्ये इंटेलने एसी'९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानके आणली, ध्वनीची चिप मदरबोर्डवरच आली आणि कार्डाची जागा गेली. 'साउंड कार्ड टाकून घेतले' हे वाक्य मात्र बोलण्यात राहिले. 'आवाज अपग्रेड केला' म्हटल्यावर आजही अनेकांना स्क्रू-ड्रायव्हर आठवतो तो त्यामुळे.

आवाजाची वाट

फाइलमधले आकडे आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातात. तिथून ते ध्वनीच्या चिपपर्यंत पोचतात, चिप त्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करते, अ‍ॅम्प्लिफायर त्या लहरींना जोर देतो आणि स्पीकरचा पडदा हलतो. सशुल्क सुधारणा बसते ती सुरुवातीलाच, आकडे अजून आकडेच असतात तेव्हा. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांसाठी या वाटेवर ठरावीक जागा ठेवली. बहुतेक सुधारणा तिथेच काम करतात. त्या काही स्वर उचलतात, काही दाबतात, हळू आवाज वर आणतात, डाव्या-उजव्या कानांतला फरक बदलतात. हे सारे गणित आहे.

त्या गणिताची मर्यादा तानपुऱ्यावर उत्तम कळते. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. लॅपटॉपच्या बोटभर रुंदीच्या स्पीकरला ६९ हर्ट्झ ऐकू येईल इतकी हवा हलवताच येत नाही. पडदा लहान, त्याची मागे-पुढे होण्याची जागा मिलिमीटरच्या आतबाहेर, मागची पोकळी काडेपेटीएवढी. तरीही सवाई गंधर्व महोत्सवातले एखादे जुने ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर लावले की खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो. तार १३९, २०८, २७७ असे वरचे, सुमारे ६९ च्या पटीतले स्वरांशही देत असते. ते कानात शिरले की त्यांच्यातले अंतर ओळखून मेंदू तळातला ६९ स्वतःच भरून काढतो.

ही मेंदूची सवय काही सॉफ्टवेअर मुद्दाम वापरतात. खालचा स्वर स्पीकरला झेपणार नाही हे धरून ते त्याचे वरचे स्वरांश कृत्रिमपणे तयार करून मिसळतात. डग्ग्याची घुमक त्यामुळे खरोखर जास्त जाणवते. पण जाणवते इतकेच. टेबलावर हात ठेवून बघावा, डग्ग्याचा ठोका हाताला लागत नाही. नवा स्पीकर आणि नवे गणित यांतला फरक त्या हातालाच कळतो.

'आवाज दोनशे टक्के' करून देणाऱ्या सॉफ्टवेअरांचेही असेच. लहरीची उंची दुप्पट करायची तर स्पीकरला चौपट शक्ती पोचवावी लागते. दोन वॅटच्या स्पीकरकडून आठ वॅटची अपेक्षा करता येत नाही. मग लहरीचे माथे कापले जातात आणि आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो. तबल्याच्या किनारीवर हे लगेच ऐकू येते. मूळ मुद्रणच हळू असेल तर मात्र या वाढीचा उपयोग होतो, कारण तिथे वर जायला जागा शिल्लक असते.

जिथे दोन्ही एकमेकांत मिसळतात

कारखान्यातून येणाऱ्या सुधारणेची गोष्ट वेगळी आणि जास्त रंजक आहे. निर्माता त्या मॉडेलचे स्पीकर मायक्रोफोनसमोर ठेवून मोजतो. कुठला स्वर कर्कश उसळतो, कुठला बुडतो ते पाहून त्याच्या उलट आकार सॉफ्टवेअरमध्ये भरतो. ही जुळवणी त्या कवचाला, त्या पोकळीला, त्या पडद्याला मापून शिवलेली असते. शेजारच्या लॅपटॉपवर तेच नाव असले तरी आतला सदरा दुसऱ्याच्या मापाचा असतो.

त्याहून पुढची पायरी म्हणजे 'स्मार्ट' अ‍ॅम्प्लिफायर. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. स्पीकरच्या कॉइलमधली विद्युतधारा आणि विद्युतदाब सतत मोजत राहिले की रोध कळतो, आणि रोधावरून कॉइल किती तापली तेही कळते. तापलेली नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर क्षणभर जास्त जोर लावतो आणि तापू लागली की हात आखडता घेतो. मोजणारी चिप हार्डवेअर, पण कधी किती जोर लावायचा हे सांगणाऱ्या सूचना अनेकदा ड्रायव्हरबरोबर (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामबरोबर) डिस्कवरून त्या चिपमध्ये भरल्या जातात. अ‍ॅपलच्या एम-मालिकेतल्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणणाऱ्या 'असाही लिनक्स' नावाच्या प्रकल्पाने स्पीकर आधी मुद्दाम बंद ठेवले होते. स्पीकरचे रक्षण करणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहून झाल्यावरच ते चालू केले. सॉफ्टवेअर नसते तर स्पीकर जळण्याचा धोका होता. अशा यंत्रात 'सॉफ्टवेअर की हार्डवेअर' या प्रश्नाच्या दोन बाजू वेगळ्या काढणे खरोखर अवघड आहे.

ओळखण्याच्या रीती

सर्वांत खात्रीची रीत फॉरमॅटची. विंडोज कोरे टाकल्यावर जे नाहीसे होते ते सॉफ्टवेअर. प्रस्तुत लेखकाचा लॅपटॉप एका दुरुस्ती केंद्रातून परत आला तेव्हा त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला होता. दोन दिवस स्पीकर बदलल्याचा संशय घेतला, भांडणाची तयारीही केली. प्रत्यक्षात विंडोज नव्याने टाकताना निर्मात्याचा ध्वनी-ड्रायव्हर टाकायचा राहिला होता. तो मॉडेल क्रमांक बघून उतरवून घेतल्यावर दहा मिनिटांत जुना आवाज परतला. हा संशय पुण्यात रोज कुणी ना कुणी घेत असेल, म्हणून हे नोंदवणे गरजेचे वाटते.

दुसरी रीत लॅपटॉप विकताना कळते. विंडोजमध्ये २०१७ च्या अद्ययावतीकरणापासून मिळणारा डॉल्बी अ‍ॅटमॉस फॉर हेडफोन्सचा परवाना खरेदीदाराच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असतो. लॅपटॉप दुसऱ्याला दिला तरी परवाना आपल्याकडे राहतो. स्पीकर मात्र लॅपटॉपबरोबर जातो. त्याच अद्ययावतीकरणात विंडोज सोनिक नावाची तशीच सोय फुकट आली, हेही पैसे भरण्यापूर्वी लक्षात घ्यावे. ती आधी आठवडाभर वापरून बघावी. विंडोजवरचा इक्वलायझर एपीओ आणि लिनक्सवरचा ईझीइफेक्ट्स हे आवाज जुळवणारे प्रोग्रामही विनामूल्य आहेत, फक्त शिकायला थोडा वेळ द्यावा लागतो.

कायद्याच्या नजरेतून

सॉफ्टवेअरला हात लावता येत नाही, मग ती वस्तू कशी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००४ मध्ये निर्णय दिला की सीडीसारख्या माध्यमावर घालून विकलेले तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकरासाठी 'वस्तू'च आहे. म्हणजे तेव्हाच्या विक्रीकराच्या हिशेबात 'वस्तू' आणि 'हार्डवेअर' हे एक नव्हे. लॅपटॉपच्या बिलावर ८४७१ हा करासाठीचा वस्तुवर्गीकरण क्रमांक दिसतो. त्याच बिलात ध्वनिसुधारणेची वेगळी ओळ असेल तर ती कशाची, हे दुकानदाराला विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

कुणी काय घ्यावे

नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची व्याख्याने ऐकणाऱ्यांना संवाद स्पष्ट करणारी सुधारणा उपयोगी पडते. शिक्षकाचा आवाज पंख्याच्या घरघरीतून वर येतो, तासन्‌तास ऐकताना कान कमी शिणतात. यासाठी फुकटची सोय पुरते. चित्रपट आणि खेळांसाठी हेडफोनवरचे सशुल्क अवकाशी (चहूबाजूंनी आवाज येतोय असे भासवणारे) ध्वनितंत्र चांगले काम करते, कारण कानाची पाळ दिशेनुसार आवाज कसा बदलते याचे गणित त्यात घातलेले असते. शास्त्रीय संगीतासाठी मात्र या सर्व सोयी बंद ठेवाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. विलंबित आलापातला कुजबुजीएवढा स्वर आणि द्रुत तानेचा जोर एकाच पातळीला आणून ठेवल्यावर ऐकण्यासारखे फारसे उरत नाही.

खरोखर हार्डवेअरच सुधारायचे असेल तर दोन वाटा आहेत. पहिली बाहेरची: बरा हेडफोन, किंवा यूएसबीला जोडायचा छोटा डॅक (आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करणारे उपकरण), जो लॅपटॉपमधली चिप आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही वगळून आवाज स्वतः तयार करतो. मॉडेल बदलले तरी तो सोबत राहतो, आणि पैशाला सर्वाधिक न्याय तोच देतो. दुसरी वाट आतली. स्पीकर ठरावीक स्वरावर खरखरत असेल तर पडदा फाटलेला किंवा त्यावर कचरा बसलेला असतो, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर बरे करत नाही. तपकीर गल्ली आणि आसपासचे दुरुस्तीवाले खालचे झाकण काढून स्पीकरची जोडी बदलून देतात. जोडीला रबराच्या गुंड्या असतात, त्या जुन्या जोडीवरून काढून नव्या जोडीवर चढवाव्या लागतात, नाहीतर सारे कवचच थरथरू लागते. जोडी घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर मोबाइलवर फोटो काढून न्यावा. दिसायला तशीच पण दुसऱ्या मॉडेलची जोडी बसली तर ड्रायव्हरमधली जुळवणी जुन्याच पडद्याच्या मापाची राहते.