एम.ए. सायकॉलॉजीनंतर आरसीआय नोंदणी: अर्ज नेमका कुठे अडतो

'माझ्या एम.ए.च्या पदवीवर क्लिनिकल सायकॉलॉजी असं स्पष्ट छापलंय, मग नोंदणी का नाकारली?' दर निकालानंतर हा प्रश्न घेऊन मुलं येतात, आणि त्यांची दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे आधीच गेलेले असतात. प्रवेश घेताना हे कोणी नीट सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव हवं. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परिषद पदवीचं नाव बघत नाही. अभ्यासक्रमाला तिची मान्यता आहे का, हे बघते. विद्यापीठाला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता असली तरी अभ्यासक्रम आरसीआयचा नसेल तर अर्ज तिथेच संपतो. मानसशास्त्रातल्या पीएच.डी.नेही तो वाचत नाही.

वर्षानुवर्षं चालत आलेला रस्ता म्हणजे एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. काहींच्या पदवीवर 'मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी' असं लिहिलेलं असतं आणि ते घाबरतात. घाबरू नका. ते याच शिक्षणाचं जुनं नाव आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत शब्दशः आलेलं आहे.

एम.फिल.च्या मुदतीबद्दल फार गैरसमज आहे. यूजीसीने एम.फिल. बंद केलं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. हे वर्ष प्रवेशाचं आहे, पदवी हातात पडण्याचं नाही. त्या सत्रात रीतसर प्रवेश घेतलेल्यांनी 'आपली पदवी बाद होणार' म्हणून अभ्यास अर्धवट सोडू नये.

संस्थेची मान्यताही कायमची नसते, ठरावीक मुदतीसाठी मिळते. जाहिरातीतलं 'आरसीआय मान्यताप्राप्त' पुरेसं नाही. तुमच्या प्रवेशाच्या वर्षी ती मान्यता चालू होती का, हे परिषदेच्या यादीत स्वतः बघा आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा.

अर्ज ऑनलाइन आहे. गुणपत्रकं, पदवी, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, सही, शुल्क; यात अवघड काही नाही. अडतं ते नावावर. लग्नानंतर आपल्याकडे आडनावच काय, कधी पाळण्यातलं नावही बदलतं. दहावीला एक नाव, एम.फिल.ला दुसरं आणि आधारवर तिसरं असलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद अर्ज भरण्याआधीच काढून ठेवा. त्रुटी निघाल्यावर धावपळ करण्यात महिने जातात.

परिषदेचं प्रमाणपत्र मिळालं की बरेच जण थांबतात. मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे वेगळी नोंद लागते, ती विसरू नका. आणि परिषदेच्या नोंदणीचं पुढे नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी सीआरई, म्हणजे नोंदणीनंतरच्या निरंतर शिक्षणाच्या, कार्यक्रमांचे गुण लागतात. हजेरीची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावा.

आघातग्रस्तांसोबत काम करू इच्छिणाऱ्यांना कळकळीने सांगते, 'ट्रॉमा थेरपिस्ट' अशी वेगळी नोंदणी आपल्याकडे नाही. ईएमडीआरसारखं (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघातावर उपचार करण्याची पद्धत) प्रशिक्षण जरूर घ्या, पूर, अपघात, अत्याचार यांतून आलेल्या माणसासमोर बसताना ते उपयोगी पडतं. पण कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही.

शिकवायचं असेल तर मात्र आरसीआयची गरज नाही. मानसशास्त्राच्या सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट) आणि नेट किंवा सेट, नाहीतर नियमाप्रमाणे केलेली पीएच.डी. लागते. शेवटच्या वर्षाला असतानाही नेट देता येते. अशांनी नेटच्या निकालापासून दोन वर्षांत आवश्यक टक्क्यांसह पदवी पूर्ण केली पाहिजे. ही दोन वर्षं चुकीच्या तारखेपासून मोजून एका हुशार मुलीने पात्रता गमावलेली मी पाहिली आहे, म्हणून नेटच्या निकालाची तारीख आजच लिहून ठेवा.