आईस्क्रीमचा थंडावा कॅलरी जाळतो का?

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा त्रेचाळीसच्या वर गेला की एक मेसेज हमखास फिरतो: 'आईस्क्रीम कितीही खा, ते गरम करायला शरीर त्यातल्यापेक्षा जास्त कॅलरी जाळतं.'

यातलं अर्धं खरं आहे. थंड पदार्थ अंगाच्या तापमानाला आणायला उष्णता लागते. घोळ होतो तो 'कॅलरी' या शब्दामुळे. शाळेत शिकलेली कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवणारी उष्णता. खाण्याची कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, तिच्या हजारपट मोठी.

आता मांडून बघा. १०० ग्रॅम आईस्क्रीम, उणे १० अंश. सगळं बर्फच आहे असं धरू, म्हणजे हिशोब मेसेजच्या बाजूने झुकता राहील. शून्यापर्यंत आणायला ५०० (बर्फ तापवायला पाण्याच्या निम्मीच उष्णता लागते), वितळवायला ८,००० (ग्रॅममागे ८०), पुढे ३७ अंशांपर्यंत ३,७००. एकूण १२,२०० लहान कॅलरी. आकडा मोठा दिसतो, फसगत इथंच होते. हजाराने भागलं की उरतात जेमतेम १२ किलोकॅलरी.

आणि आत किती असतात? कपाची मागची बाजू वाचा. समजा १०० ग्रॅमला स्निग्धांश ११, कर्बोदकं २२, प्रथिनं ४ ग्रॅम आहेत. यांच्या एका ग्रॅममधून अनुक्रमे ९, ४ आणि ४ किलोकॅलरी मिळतात, त्याने गुणा: ९९ अधिक ८८ अधिक १६, म्हणजे २०३ किलोकॅलरी.

एक मात्र बघाच: कपावर माप मिलीलिटरमध्ये असतं, तक्ता बहुधा १०० ग्रॅमचा. आईस्क्रीममध्ये हवा घोटलेली असते, त्यामुळे १०० मिलीचा कप १०० ग्रॅम भरत नाही. घरच्या काट्यावर तोलून घ्या. गाड्यावरची मटका कुल्फी आटवलेल्या दुधाची, हवा न घोटलेली; तेवढ्याच आकाराची ती वजनाला जास्त भरते.